मंगळवारचं पाणी

धोंडेवाडी,
२१ जानेवारी १९९८

प्रिय हर्षाली,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे बरे आहेत. मावशी सांगत होती की तुझ्या प्रयोगशाळेत फोन आहे, पण तो मालकाच्या टेबलावर असतो आणि कोणाच्या घरून फोन आला की मालक घड्याळाकडे बघतात. म्हणून लिहिते.

काल मंगळवार होता. बुधवारच्या बाजाराची भाजी आम्ही आदल्या संध्याकाळी ओहोळावर धुतो. माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा आलीस तेव्हा मुळ्याच्या जुड्यांसकट घसरून पडली होतीस, तीच जागा. काल मेथी धुवायला बसलो तर पाण्यावर मासेच मासे, पोटं वर करून. मुऱ्या, शिंगटे आणि हातभर लांब एक मरळ. मरळ चिखलातसुद्धा जगते, तीही मेली.

पलीकडच्या काठाला भागीबाई उभी होती. ओहोळाच्या वळणावर झोपडी आहे तिची. पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकून मासे धरते, तिची सासूही तेच करायची. आमच्या सासूबाईंच्या चुलीवर मासा चढत नाही, पण ह्यांना आवडतो, म्हणून भागीबाई मागच्या दाराने वाटा देऊन जाते. तिने एक मासा उचलला आणि कल्ला उघडून दाखवला. "बघ छाया, जास्वंद. सकाळच्याला मेलेला मासा हाय. कल्ला काळा पडाया पाहिजे का नाय? ह्यो असा कसा लाल?"

दिवाळीपासून हे चौथ्यांदा, आणि दर वेळी मंगळवार. वरच्या अंगाला तीन किलोमीटरवर तुमच्या औद्योगिक वसाहतीतला तो प्लेटिंगचा कारखाना आहे, नळाच्या तोट्या चकचकीत करणारा. तू केमिस्ट आहेस. एका मंगळवारी ये आणि पाणी तपास.

तुझी,
छायाताई

*

नाशिक रोड,
२६ जानेवारी १९९८

प्रिय छायाताई,

पत्र मिळालं. लाल कल्ला हे मासा ताजा असल्याचं लक्षण आहे, मासळीबाजारातही तेच बघून घेतात. म्हणजे हे मासे सकाळी नव्हे, तुम्ही पाहिलेत त्याच्या थोडंच आधी मेले असणार. पावसाळा संपला की पाणी आटतं, त्यात तुमच्या भाजीचा पाला कुजतो, पाण्यातला ऑक्सिजन उतरतो आणि मासे मरतात. यात कारखाना असेलच असं नाही. तपासल्याशिवाय मी काही म्हणणार नाही.

मंगळवारी जमणार नाही. वसाहतीचा सुट्टीचा वार विजेच्या वेळापत्रकाने ठरलेला असतो. आमचा शनिवार, त्यामुळे मलाही शनिवारच मोकळा. ३१ तारखेला सकाळी येते. वाराची काळजी करू नकोस, पाण्याला वार कळत नाही.

हर्षाली

*

धोंडेवाडी,
३ फेब्रुवारी १९९८

प्रिय हर्षाली,

आलीस, चार बाटल्या भरल्यास, एकीत थेंब टाकून ती तपकिरी झाली तशी मान हलवलीस आणि चहा अर्धा टाकून गेलीस. भागीबाई तुला काही सांगत होती, तेव्हा तू घड्याळात बघून आकडे लिहीत होतीस. तुझ्यामागे ती काय म्हणाली सांगू? "पाव्हणी आली म्हून पाणी सोवळ्यात बसलंय. लेकीच्या घरी बाप येतो तवा सासूबी अशीच गोड बोलती."

आज मंगळवार. पुन्हा मेले. थोडेच होते, कारण आता उरलेतच थोडे. दोन मासे मिठात घालून ठेवलेत. एस.टी.ने पाठवू का?

छायाताई

*

नाशिक रोड,
९ फेब्रुवारी १९९८

प्रिय छायाताई,

मिठातला मासा तपासणीला चालत नाही, पाठवू नकोस.

अहवाल सोबत आहे. सामू ७.४, म्हणजे पाणी आम्लधर्मीही नाही आणि फारसं अल्कधर्मीही नाही. विरघळलेला ऑक्सिजन, ज्यामुळे ती बाटली तपकिरी झाली, लिटरला ६.८ मिलिग्रॅम, माशांना पुरेसा. क्रोमियम आढळलं नाही. तपासलेले सगळे घटक मर्यादेत आहेत. साध्या चिठ्ठीला किंमत नसते, म्हणून प्रयोगशाळेच्या कागदावर, माझ्या सहीने दिला आहे.

खाली एक शेरा लिहिला आहे: मासे मरत असल्यास कीटकनाशकाची शक्यता तपासावी. तुमच्याकडे कोणी फवारणीचे पंप ओहोळात धूत असेल तर ते आधी बंद करा.

हर्षाली

*

धोंडेवाडी,
२६ फेब्रुवारी १९९८

हर्षाली,

सोमवारी चावडीवर सभा झाली. कारखान्याचा मॅनेजर जीप घेऊन आला. हातात तुझा कागद होता, बाकीच्यांना वाटायला झेरॉक्स होत्या. त्याने मोठ्याने वाचलं, सगळे घटक मर्यादेत. मग तुझा शेरा दोनदा वाचला. म्हणाला, पाणी चांगलं आहे, कोणीतरी औषध टाकून मासे मारतंय आणि कारखान्याचं नाव खराब करतंय.

गाव त्याच्यावर उठेल असं मला वाटलं होतं. तर मागून कोणीतरी म्हणालं, "ओहोळात विष हाय असं बाजारात कळलं, तर आपली मेथी कोण घेणार?" त्यावर उठू पाहणारे दोघे-तिघेही परत खाली बसले. मग पोलीसपाटील सहादू हळूच म्हणाला, मासे मेल्यावर फायदा कोणाचा? सगळ्यांच्या माना भागीबाईकडे वळल्या.

ती उठून उभी राहिली. "औषधाची बाटली तुमच्या परतेकाच्या गोठ्यात हाय. मला फवारायला वावर तरी हाय का? आन् ज्या ताटात जेवते त्यात विष कालवायला मी काय येडी हाय?" कोणी तिच्याकडे बघितलं नाही. मॅनेजरने तालुक्याच्या ठाण्यात अर्ज दिला. मंगळवार-बुधवार दोन्ही दिवस तिला ठाण्यातल्या बाकावर बसवून ठेवलं. पाग जप्त केला. गावाने ठराव केला की तिने ओहोळात पाय घालायचा नाही. तिची झोपडी काठावर आहे, हर्षाली. घराबाहेर पाऊल टाकलं की पाण्यातच पडतं.

सासूबाईंनी मला सगळ्यांदेखत विचारलं, "सही तुझ्याच मावसबहिणीची ना? ती बाटल्यावाली?"

तुझा कागद मी कोणाला दाखवला नव्हता. माझ्या ट्रंकेत, साडीच्या घडीत आहे. मग मॅनेजरच्या हातात गेला कसा?

छाया

*

नाशिक रोड,
१ मार्च १९९८

छायाताई,

तो कारखाना आमच्या प्रयोगशाळेचा ग्राहक आहे. दर महिन्याला त्यांचाच माणूस त्यांच्या सांडपाण्याची बाटली भरून आणतो आणि आम्ही तपासतो. बाटली कुठून भरली ते आम्ही विचारत नाही. हे मी तुला सांगितलं नाही, कारण सांगायची गरज वाटली नाही. गरज वाटू नये अशी माझीच सोय होती, हे आता दिसतं. तुझ्या अहवालाची प्रत मालकांनी त्यांना दिली. मी जाब विचारला तर म्हणाले, "चांगली बातमी ग्राहकाला कळवायची नाही का?"

काल शनिवारी राहिलेलं काम उरकायला वसाहतीत गेले होते. फाटकं बंद, ट्रक नाहीत, एकाही चिमणीतून धूर नव्हता. टपरीवालासुद्धा नव्हता. मी रस्त्यातच थांबले. माझी सुट्टी आणि त्या कारखान्याची सुट्टी एकच आहे. मी ३१ जानेवारीला बंद कारखान्याचं पाणी तपासलं आणि ते स्वच्छ आहे म्हणून सही केली. तू वार सांगितला होतास. मी त्यावर एक वाक्य फेकलं आणि ते मला हुशारीचं वाटलं होतं.

कल्ल्यांबद्दलही भागीबाई बरोबर होती. प्लेटिंगच्या टाक्यांत सायनाइड असतं. सायनाइडने मेलेल्या माशाच्या रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो, पण शरीराला तो वापरता येत नाही. मासा भरल्या ताटावर उपाशी मरतो आणि कल्ले लालभडक राहतात. हे मी दुसऱ्या वर्षाला शिकले, परीक्षेत लिहिलं, त्याचे मार्क मिळवले. सायनाइडची चाचणी मी केलीच नव्हती. "तपासलेले सगळे घटक" असं लिहिलं, आणि न तपासलेला घटक कोणता ते लिहिलं नाही.

आता मला तुला विचारायचं आहे. प्रत्येक वेळी मंगळवारीच का? कारखान्यात त्या दिवशी काहीतरी ठरलेलं असणार. तुझा दीर अमोल तिथे प्लेटिंग खात्यात आहे, हे मला आईकडून कळलं. तीन पत्रांत तू ते एकदाही लिहिलं नाहीस.

हर्षाली

*

धोंडेवाडी,
६ मार्च १९९८

हर्षाली,

हो, अमोल तिथे आहे. जूनमध्ये कायम होणार आहे.

मंगळवारी पहिल्या पाळीत टाकीतलं जुनं पाणी बदलतात. ते आधी दुसऱ्या टाकीत घेऊन, औषध घालून निर्धोक करायचं असतं. त्यात अख्खी पाळी जाते आणि काम थांबतं. म्हणून मागच्या भिंतीजवळचा व्हॉल्व उघडून सरळ ओहोळात सोडतात. व्हॉल्व अमोल फिरवतो. दिवाळीत त्यानेच मला सांगितलं, ओट्यावर, पाय धुता धुता. "वहिनी, मी नाय फिरवला तर दुसरा फिरवील. मग मीच का घरी बसू?"

मला वाटलं होतं, तू पाणी तपासशील, कागद निघेल, कारखान्याला दंड होईल आणि अमोलचं नाव कुठेच येणार नाही. म्हणून तुला वार सांगितला, माणूस सांगितला नाही. भागीबाईला ठाण्यात बसवलं तेव्हा मी तिला भाकरी घेऊन गेले. तिने अर्धी खाल्ली, अर्धी बांधून घेतली आणि मला म्हणाली, तुझे उपकार. मी तिथेही तोंड उघडलं नाही. तुला त्या सहीबद्दल दोष देत होते ना, तेवढा वेळ मला बरं वाटत होतं.

येत्या मंगळवारी नको, घरात वर्षश्राद्धाचा स्वयंपाक आहे, घर पाहुण्यांनी भरेल. १७ ला ये. पण अमोलचं नाव तुझ्या कागदावर आलं तर या घरात मला जागा उरणार नाही. हे मी विनंती म्हणून लिहीत नाही. तुला माहीत असावं म्हणून लिहिते.

छाया

*

नाशिक रोड,
२१ मार्च १९९८

छायाताई,

मंगळवारी काय झालं ते तू पाहिलंसच. आकडे आता कळवते. सव्वादहापासून दर अर्ध्या तासाला बाटली भरली. सव्वाअकराच्या बाटलीत सायनाइड लिटरला १.६ मिलिग्रॅम निघालं. कारखान्याच्या स्वतःच्या नळातून बाहेर पडायलाही ०.२ च्या वर परवानगी नसते, आणि हे तीन किलोमीटर वाहून आल्यावरचं आहे. मासे मारायला याचा दहावा भाग पुरतो. पावणेदोनच्या बाटलीत जवळजवळ काही नव्हतं. तुम्ही संध्याकाळी भाजी धुता तेव्हा ते पुढे गेलेलं असतं, तरी त्या पाण्यात धुऊ नका. विहिरीवर धुवा.

बुधवारी हे सगळं मालकांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला की रसायनं कोणाची वापरली. दुसरा, आजारी असल्याची रजा टाकून मी ओहोळावर कशी होते. मी म्हटलं, जुना अहवाल मागे घ्यायचा आहे. ते बराच वेळ समजावत होते. बेटा म्हणाले. शेवटी म्हणाले, फार तर "नमुना घेताना अनवधानाने त्रुटी राहिली" असं एक ओळीचं पत्र देऊ. मी म्हटलं, अनवधान नव्हतं, मला नीट सांगितलेलं होतं आणि मी ऐकलं नाही. ते म्हणाले, असं कोणी लिहितं का?

मी लिहिलं. एक प्रत ठाण्यात आणि एक प्रदूषणाच्या कार्यालयात, दोन्हीकडे पोच घेतली आहे. त्यात आहे ते असं: ३१ जानेवारीचा नमुना कारखाना बंद असताना घेतला होता, त्यावरून ओहोळाबद्दल कोणताही निष्कर्ष निघत नाही. सायनाइड तपासलं नव्हतं. कीटकनाशकाचा शेरा कोणत्याही चाचणीवर आधारलेला नव्हता, तो माझा अंदाज होता आणि तो चुकीचा होता. त्याच्या आधारे कोणावर आरोप झाला असेल तर तो निराधार आहे. मग १७ मार्चचे आकडे.

गुरुवारी मालकांनी माझा टेबलाचा खण रिकामा करून मागितला. पाच मिनिटं लागली.

अमोलबद्दल. व्हॉल्व कोणी फिरवला हे मी पाहिलेलं नाही. न पाहिलेलं मी लिहीत नाही, आता तर नाहीच. पण ज्याने पाहिलं आहे त्याने लिहायला हवं. हेही तुला माहीत असावं म्हणून.

भागीबाईला मी येऊन भेटणार होते. मंगळवारी ती समोर असताना माझ्याने बोलणं झालं नाही, मी बाटल्यांना चिठ्ठ्या लावत बसले.

हर्षाली

*

धोंडेवाडी,
१० एप्रिल १९९८

प्रिय हर्षाली,

भागीबाईवरचा अर्ज ठाण्यात बंद केला. तुझं निवेदन फौजदाराने दोनदा वाचलं म्हणे आणि मॅनेजरला फोन लावला. दुसऱ्या दिवशी अर्ज मागे. पाग परत दिला, तो उंदरांनी कुरतडलेला. गावाने ठराव मागे घेतला नाही, पण आता त्याचं नाव कोणी काढत नाही. आपल्याकडे चूक कबूल करायची हीच पद्धत.

मी तिला तुझं पत्र वाचून दाखवलं, अनवधानापर्यंत सगळं. ती पागाची जाळी शिवत होती. म्हणाली, "बाटलीवालीला सांग, पाग दिला. आता मासा कोण देईल?" तेवढंच. रागावून नाही. मला वाटलं, रागावली असती तर बरं.

आता पुढचं. सात तारखेला, मंगळवारी, कार्यालयाचे दोन अधिकारी आले. येणार हे गावाला चार दिवस आधी माहीत होतं, म्हणजे कारखान्याला आठ दिवस आधी असणार. तुझ्या निवेदनात मंगळवार लिहिला होता ना, म्हणून मंगळवारी आले. पाणी आरशासारखं. त्यांनी बाटल्या भरल्या, पंचनाम्यावर सहादूची सही घेतली, शहाळी प्यायले आणि गेले. मॅनेजर त्यांना जीपपर्यंत सोडायला होता. जाताना भागीबाईला नमस्कार करून गेला.

काल गुरुवारी सकाळी उरलेसुरले मेले. खेकडे काठावर चढून मेलेत. पाण्यातले दोन साप मेलेत. झोपडीसमोर इतकी घाण सुटली की भागीबाईने चूल उचलून मागे नेली. अमोल सांगतो, आता वार ठरलेला नाही. मॅनेजर सकाळी येतो, बोटाने खूण करतो, की व्हॉल्व उघडायचा.

अमोल आज कामावर गेला नाही. कालही गेला नव्हता, खूण झाली ती दुसऱ्याला. ओट्यावर बसलाय. सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. गावात म्हणतात, केमिस्टबाईची नोकरी गेली त्याचा राग तिने कारखान्यावर काढला. आधी नोकरी गेली की आधी निवेदन दिलं, एवढंसुद्धा कोणी विचारत नाही.

तू काय करशील आता, ते मला सुचत नाही. म्हणून फक्त झालं ते लिहिलं.

तुझी,
छायाताई

*

नाशिक रोड,
१३ एप्रिल १९९८

प्रिय छायाताई,

पत्र सकाळी मिळालं. लगेच कार्यालयात गेले होते. तिथल्या साहेबांनी फाईल उघडून दाखवली, ७ एप्रिल, सगळे घटक मर्यादेत. माझंच वाक्य, शब्दही बदललेला नाही. मी म्हटलं, तुम्ही कळवून गेलात. ते म्हणाले, नियमच तसा आहे मॅडम. मी म्हटलं, मासे मरताना कळवत नाहीत. ते हसले. ते हसले याचा मला इतका राग आला की मी त्यांचा पेपरवेट उचलला होता, आणि उचललाय हे मला तो परत ठेवताना कळलं. असं माझ्या हातून कधी झालेलं नाही. तुला सांगून ठेवते.

मला आता सातही वार सुट्टी आहे. शुक्रवारी दुपारच्या एस.टी.ने सामान घेऊन येते. तुझ्या घरी उतरणार नाही, तुला आहे तेवढा त्रास पुरे. भागीबाईच्या झोपडीत पथारीपुरती जागा मिळेल का ते तिला विचार. माझ्या वतीने गोड बोलू नकोस, नुसतं विचार. ती नाही म्हणाली तर शाळेच्या पडवीत राहीन. तिच्याशी जे बोलायचं राहिलं आहे ते मी आल्यावर पहिल्यांदा बोलेन, बाटल्या उघडायच्या आधी.

रोज सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत, दर अर्ध्या तासाला एक नमुना. रविवारीसुद्धा, शनिवारीसुद्धा. माझ्या कॉलेजच्या मॅडम तपासून द्यायला तयार आहेत आणि अहवालावर सही त्यांची असेल, माझी नाही. बाटल्या मी आज विकत घेतल्या, साठ आहेत. प्रत्येक बाटलीवर साक्षीदार म्हणून भागीबाईचा अंगठा घ्यायचा, ती तयार असेल तर. बाटल्या त्याच दिवशी नाशिकला पोचवाव्या लागतील. अमोल ओट्यावर बसलाच आहे, तर त्याला म्हणावं सायकलला हवा भरून ठेव. आला तर बरं. त्याला आणखी काही लिहून द्यायचं असेल तर कागद माझ्याकडे आहे.

किती दिवस, ते मला माहीत नाही. ज्या दिवशी मॅनेजर बोटाने खूण करील त्या दिवशी आम्ही काठावर असू, एवढंच ठरवलंय.

नमुने थंड ठेवावे लागतात. रोज दहा किलो बर्फ लागेल. फाट्यावरच्या रसवंतीवाल्याला आजच सांगून ठेव.

हर्षाली